पिटमधली पोरं सभ्य आहेत, लोचा गेटवर आहे

मोठी कॉन्सर्ट झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. आधी मैदानात पडलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांचे फोटो येतात, मग कोणीतरी लंडनला नाहीतर सिंगापूरला पाहिलेल्या शोची आठवण काढतो, मग "आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही" हे वाक्य येतं आणि त्यावर सगळे हो ना, हो ना करतात, आणि हे म्हणणारे स्वतःला "आपल्या लोकांत" धरत नाहीत हे वेगळं सांगायला नको. मग दुसरा विषय मोबाईलचा. सगळे फोन वर धरून उभे, संगीत ऐकतंय कोण, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. झालं, दोन दिवसांत विषय संपतो आणि पुढच्या शोची तिकीटं निघतात.

मला यातलं काही खोटं वाटत नाही, पण चुकीच्या माणसाला धरलंय असं वाटतं. रॉक आणि मेटलच्या शोला मी कॉलेजपासून जातोय, आणि माझं मत असंय की गर्दीला वागायचं कसं ते गर्दीतच शिकायला मिळतं, छोट्या जागेत, आधीपासून येणाऱ्यांकडून, आणि ते शिकायच्या जागा आपण एकेक करून बंद केल्या. आता पन्नास-साठ हजार लोकांना एकदम मैदानात सोडतो, बांबू आणि पत्र्याचे कप्पे करून उभं करतो, आणि काही झालं की म्हणतो लोक बेशिस्त. आणि जीव जाण्याबद्दल बोलायचं तर तो बहुतेक वेळा लोकांच्या नाचण्याने जातच नाही, तो दार, उतार, बॅरिकेड यांच्यामुळे जातो. हे जरा नीट मांडतो.

आधी ज्यांनी कधी पिट बघितलाच नाही त्यांच्यासाठी. स्टेजच्या समोर, साधारण मधोमध, गाणं चढायला लागलं की गर्दी आपोआप मागे सरकते आणि एक मोकळं रिंगण तयार होतं. त्यात वीस-तीस पोरं (हल्ली पोरीपण) एकमेकांवर खांद्याने आदळत फिरतात. हा मॉश पिट. सगळे एकाच दिशेने गोल पळायला लागले की सर्कल पिट. गर्दीचे दोन भाग करून समोरासमोर उभं राहायचं आणि ड्रम सुटला की एकमेकांवर धावत जायचं, ही वॉल ऑफ डेथ. बाहेरून बघणाऱ्याला हे दंगल वाटतं आणि त्याचं चुकत नाही, दिसतं तसंच. माझ्या एका मावशीने व्हिडिओ बघून विचारलं होतं की पोलिस का नाही येत.

पण आत नियम आहेत, आणि कडक आहेत. कोणी पडलं की सगळ्यात जवळच्याने लगेच उचलायचं, विचारायचं नाही, थांबायचं नाही. कोपर आणि मूठ वापरायची नाही, हात छातीपाशी. कडेला उभा असलेला माणूस खेळात नाही, त्याला आत ओढायचं नाही. कोणी हात वर करून बाहेर जायचंय असा इशारा केला की वाट द्यायची. बुटाची नाडी सुटली तर दोन अनोळखी माणसं तुमच्या मागे पाठ करून उभी राहतात, तुम्ही आरामात बसून नाडी बांधा. हे कुठे लिहिलेलं नसतं आणि सांगायला तिथे कोणी वॉलंटियरही नसतो.

अंधेरीत एका छोट्या गिगला बघितलेली गोष्ट सांगतो. पिट जोरात चालू होता आणि एकदम कोणीतरी ओरडलं, "चष्मा, चष्मा पडला रे!" बँडला काही कळलं नाही, ते वाजवतच होते, पण पिट दोन सेकंदात थांबला. चार दांडगे केसवाले भिडू हात पसरून रिंगण धरून उभे, बाकीच्यांनी फोनचे टॉर्च खाली मारले, आणि घामाने चिकट झालेल्या त्या फरशीवर सगळे वाकून शोधतायत. चष्मा मिळाला, एक काच नव्हती. ज्याने शोधला त्याने टी-शर्टने पुसून मालकाच्या नाकावर बसवला, मालकाने एक डोळा मिटून बघितलं, "चालेल" म्हणाला, आणि पुन्हा पिट सुरू. शोधणाऱ्या त्या पोराच्या टी-शर्टवर कवटी होती आणि कवटीतून साप निघत होता, रस्त्यात दिसला असता तर सोसायटीच्या वॉचमनने आत सोडला नसता. खालचे गोविंदा वरून पडणाऱ्याला जसे झेलतात तसंच आहे हे, वरचा कोण, कुठल्या पथकाचा, हे त्या क्षणी कोणी बघत नाही.

या पिटवर फिजिक्सवाल्यांनी अभ्यास केलाय, मजा म्हणून सांगतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातला एक पीएचडीचा विद्यार्थी गर्लफ्रेंडला घेऊन मेटल शोला गेला, ती बरोबर होती म्हणून पिटमध्ये न शिरता बाहेर उभा राहिला, आणि बाहेरून बघताना त्याला ते सगळं वायूतल्या कणांसारखं दिसायला लागलं. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ घेऊन वेग मोजले आणि 2013 ला पेपर छापला. निघालं काय, तर मॉश पिटमधली माणसं वेगाच्या हिशोबाने खरंच बंद भांड्यातल्या वायूसारखी फिरतात. सर्कल पिट बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेने फिरतो हेही त्यांना दिसलं, तसं का, ते सोडून द्या. माझा मुद्दा एवढाच की वायूसारखं फिरायला जागा लागते. पिट हा गर्दीतला सगळ्यात मोकळा भाग असतो. आत आदळाआदळ असते, पण श्वास घ्यायला भरपूर हवा असते.

हे नियम आभाळातून पडलेले नाहीत, भांडून आलेत. ऐंशीच्या दशकात अमेरिकन हार्डकोरच्या (म्हणजे पंक रॉकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) शोजमध्ये खरोखर मारामाऱ्या व्हायच्या, लोक दात पाडून घरी जायचे. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने त्याला सरळ नकार दिला. तिकीट साधारण पाच डॉलर ठेवायचे, कोणी दुसऱ्याच्या अंगावर जायला लागला की गाणं थांबवायचे, त्याला सगळ्यांसमोर सुनवायचे, आणि तरी ऐकला नाही तर पाकिटात घालून ठेवलेले त्याचे पाच डॉलर हातात देऊन बाहेर काढायचे. नव्वदच्या सुरुवातीला बिकिनी किल या बँडच्या कॅथलीन हॅना स्टेजवरून मुलींना पुढे बोलवायच्या आणि मुलांना मागे जायला सांगायच्या, कारण पुढची जागा म्हणजे दांडगटांचा हक्क असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यावर पोरांनी भयंकर आरडाओरडा केला, पण पुढे उभ्या राहिलेल्या मुलींना पहिल्यांदा बँड नीट दिसला.

आपल्याकडची शाळा कुठली, तर धोबी तलावचं रंगभवन. झेविअर्सच्या शेजारचं ते उघडं थिएटर, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक हा रॉक फेस्टिव्हल सुरू झाला आणि मुंबईच्या दोन पिढ्या तिथे पावसात भिजत, घसा फाटेपर्यंत ओरडत मोठ्या झाल्या. तिथे नवीन आलेल्याला जुना सांगायचा, "हात खाली ठेव भाई". जुहूचं रॅझ, अंधेरीचं बी69, कॉलेजचे फेस्टिव्हल, सगळीकडे तेच. गर्दी दोनशे-चारशेची, अर्धे चेहरे ओळखीचे, एखाद्याने मुलीला त्रास दिला तर पुढच्या गिगला त्याला तोंड दाखवायची सोय नाही. ओळख हाच खरा बाउन्सर.

रंगभवन बंद पडलं ते आवाजामुळे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट यांच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र, आणि रंगभवनच्या बाजूला हॉस्पिटलही आहे आणि कॉलेजही. मी त्या नियमाच्या विरोधात नाही, पेशंटने काय पाप केलंय. पण एक जागा काढून घेतली तर दुसरी द्यायची असते, ती कोणी दिली नाही. बाकीच्या जागा भाड्याने मेल्या. लोअर परळचं ब्लू फ्रॉग 2007 ला उघडलं आणि 2016 ला बंद, ते तर चांगलं पैसेवाल्यांचं होतं, तरी टिकलं नाही. मग उरलं काय, तर एक तर रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात अकूस्टिक गिटार, नाहीतर डायरेक्ट महालक्ष्मी रेसकोर्स आणि डी. वाय. पाटील स्टेडियम. मधली इयत्ताच गायब! आज पंचविशीतल्या कितीतरी जणांचा आयुष्यातला पहिला लाइव्ह शो हा हजारो लोकांचा असतो. त्याला कोण सांगणार कोणी पडलं तर काय करायचं? त्याच्या आजूबाजूचे सगळेही पहिल्यांदाच आलेले.

आणि आता जीव जाण्याबद्दल. रॉकच्या इतिहासातले वाईट दिवस काढून बघा, नाचणं कुठे दिसतं आणि दार कुठे दिसतं ते.

3 डिसेंबर 1979, अमेरिकेतलं सिनसिनाटी, द हू या ब्रिटिश बँडचा शो. बहुतेक तिकीटं विनानंबरची, म्हणजे जो आधी घुसेल त्याला पुढची जागा. थंडीत हजारो लोक बाहेर तासन्‌तास उभे, उघडली मोजकीच दारं, आतून आवाज ऐकू आला, लोकांना वाटलं सुरू झालं, मागचे पुढे ढकलायला लागले, पुढच्यांना जायला वाट नाही. 11 जण गेले, हॉलच्या बाहेर, एक सूर ऐकायच्या आधी. बँडला कार्यक्रम संपेपर्यंत सांगितलंच नाही. शहराने लगेच तशा विनानंबरच्या तिकीटांवर बंदी घातली, ती 2004 पर्यंत होती. त्या वेळी पेपरांत आणि टीव्हीवर काय आलं? रॉकवाली रानटी पोरं, एकमेकांना तुडवून गेली. प्रत्यक्षात मागच्यांना माहीतच नव्हतं पुढे काय चाललंय.

30 जून 2000, डेन्मार्कचा रॉस्किल्ड फेस्टिव्हल, पर्ल जॅम हा अमेरिकन बँड स्टेजवर. पाऊस, चिखल, मागून दाब. पुढे माणसं पडली आणि उठता येईना. त्यांचा गायक एडी व्हेडरने गाणं थांबवून सगळ्यांना तीन म्हटल्यावर मागे सरका म्हणून विनवलं, आणि लोक सरकले बरं का, सांगितल्यावर सरकले, पण तोवर उशीर झाला होता. 9 जण गेले. रॉस्किल्ड हे काही पैसेखाऊ आयोजन नाही, ना-नफा तत्त्वावर हजारो स्वयंसेवक चालवतात ते, तरीही. त्यांनी मग काय केलं, तर लोकांना संस्कारवर्ग नाही भरवले. स्टेजसमोरची जागा बॅरियरने तोडून छोटे भाग केले, प्रत्येक भागात मोजून माणसं, आणि क्राउड सर्फिंग, म्हणजे गर्दीच्या हातांवरून आडवं होऊन पुढे सरकणं, बंद. सर्फिंग बंद केल्याचं मला वाईट वाटतं, पण मोजून माणसं सोडणं हे अगदी बरोबर.

आपल्याकडे 28 ऑक्टोबर 2011, गुरगाव, मेटालिका. लोक कुठून कुठून आलेले, कोणी रजा टाकून, कोणी घरी खोटं सांगून. पुढचं बॅरिकेड टिकेना, शो आधी लांबला, मग पुढे ढकलला म्हणून सांगितलं, ते सांगितलंही धड नाही, आणि मग पब्लिकने स्टेजवर चढून सामान फोडलं. आयोजकांपैकी काहींना अटकही झाली. फोडाफोडीचं समर्थन मी करणार नाही, दुसऱ्याच्या अँप्लिफायरवर राग काढून काय मिळणार. पण दोनच दिवसांनी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड, तेच काळे टी-शर्ट, त्याच वयाची पोरं, आणि शो व्यवस्थित पार पडला. दोन दिवसांत देशाचा सिव्हिक सेन्स सुधारला का? नाही ना. बॅरिकेड बदललं, जागा बदलली, तयारी बदलली.

कोचीच्या विद्यापीठात 25 नोव्हेंबर 2023 ला तर रॉकही नव्हतं. पाऊस आला, बाहेर थांबलेले आत शिरायला धावले, दारातून लगेच खाली जाणाऱ्या पायऱ्या, पुढचे कोसळले, मागचे त्यांच्यावर. 4 जण गेले. पाऊस आल्यावर आडोशाला पळणं हा काय गुन्हा आहे का, तुम्ही मी तेच केलं असतं.

यातली यंत्रणा समजून घेतली की "घाबरून लोक सैरावैरा" हे चित्र मनातून निघून जातं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत चार माणसं असतील तर तुम्ही अजून आपल्या पायावर आहात. सहा-सात झाली की तुमचं चालणं तुमच्या हातात राहत नाही, गर्दी पाण्यासारखी वागते, मागे कोणी थोडं रेटलं की त्याची लाट पुढे जाते आणि पुढे जाईपर्यंत तिचा जोर वाढतो. अशात माणूस बहुतेकदा पायाखाली तुडवून मरत नाही, उभ्या उभ्या गुदमरतो, कारण छाती फुगायलाच जागा नसते. ओरडायलाही हवा लागते, म्हणून पुढे माणूस मरत असतो आणि मागे दहा फुटांवर लोक मजेत गात असतात, त्यांना पत्ताच नसतो. (अडकलातच तर हात बॉक्सरसारखे छातीपुढे धरा, लाटेच्या विरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका, आणि खाली पडलेली वस्तू विसरा, फोन असला तरी.)

फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँने 1895 ला मांडलं की गर्दीत शिरला की माणूस अकलेने खाली घसरतो, आणि सव्वाशे वर्षं सगळ्या सरकारांना, पोलिसांना आणि आयोजकांना हे मत फार सोयीचं पडलंय. ससेक्स विद्यापीठाच्या जॉन ड्रुरींसारखे लोक गेली कितीतरी वर्षं उलट दाखवतायत, की संकटात गर्दीतली अनोळखी माणसं एकमेकांना सावरतात, वाट देतात, आपण सगळे एकाच नावेत आहोत अशी भावना तयार होते. पण सोयीचं मत मरत नाही. 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर 23 माणसं गेली, तिथे तर कुठलाही शो नव्हता, लोक ऑफिसला चालले होते, तरी रेल्वेच्या चौकशीत दोष कोणाचा निघाला, तर पावसाचा! अरुंद पुलाबद्दल प्रवासी आधीपासून ओरडत होते ते बाजूलाच. मांढरदेवीला 2005 मध्ये जवळपास तीनशे भाविक गेले, तिथेही अरुंद वाट आणि उतार. देवाला आलेला आणि गिटार ऐकायला आलेला, दोघांची फुप्फुसं सारखीच.

आता मला हमखास कोणीतरी सवाईचं उदाहरण देणार. बघा आपले शास्त्रीयचे श्रोते, पुण्यात चार-पाच दिवस हजारो लोक कसे शिस्तीत बसतात. बसतात हो, मीही बसलोय, वडे खायला मध्येच उठणारे आणि शेजाऱ्याच्या सतरंजीवर तंगड्या पसरणारेही बघितलेत. पण तिथे बैठक आहे, मध्ये वाटा सोडलेल्या आहेत, लोक येत-जात राहतात, एकाच मिनिटाला सगळे आत घुसत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं तेच लोक येतात, कुठे दाद द्यायची हे शेजारी बसलेल्या काकांकडून शिकतात, म्हणजे पुन्हा तीच शाळा. आणि मराठी प्रेक्षक गप्प बसणारा कधीच नव्हता, संगीत नाटकाला वन्स मोअर देऊन देऊन पहाट करणारे आपलेच आजोबा-पणजोबा.

बरं, मग पब्लिकची काहीच चूक नाही का? आहे, आणि ज्यावर सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे त्यावरच आपण सगळ्यात कमी बोलतो. गर्दीचा फायदा घेऊन बायकांच्या अंगाला हात लावणं. याला आयोजकही कारण नाहीत आणि बॅरिकेडही कारण नाही, याला तो हात कारण आहे. अमेरिकेतला 1999 चा वुडस्टॉक फेस्टिव्हल काढतात लोक नेहमी, जुन्या हवाई तळाच्या तापलेल्या डांबरावर पब्लिक, पाण्याची बाटली चार डॉलरला, शेवटी आगी लावल्या, सगळं खरं आणि त्यातलं पुष्कळसं आयोजकांच्या हावरटपणाचं, पण तिथे मुलींवर जे अत्याचार झाले त्याचं कारण पाण्याची किंमत असू शकत नाही. तहान लागलेला माणूस पाणी शोधतो.

आपल्याकडे माझ्या ओळखीतल्या मुली पिटच्या जवळ यायचं असेल तर आधी ठरवून येतात की कोण कुठल्या बाजूला उभा राहणार, मागे कोण, बॅग पुढे घ्यायची. एवढं प्लॅनिंग करून कोणी गाणं ऐकतं का? मुलांना मात्र असं काही ठरवावं लागत नाही. आणि क्राउड सर्फिंग करायची एखादीला हिंमत झाली तर वरून जाताना काय काय होतं ते त्यांनाच विचारा. इथे माझं म्हणणं अगदी साधं आहे, शेजारी असं करताना दिसला की तिथल्या तिथे मोठ्याने बोलायचं, "ए, काय चाललंय?", चारचौघात नाव निघालं की निम्मे तिथेच विरघळतात. न विरघळणाऱ्याला बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या सिक्युरिटीकडे द्यायचं. आणि बँडला स्टेजवरून दिसलं तर बँडने थांबवायचं. फू फायटर्स या बँडच्या डेव्ह ग्रोलने 2011 ला लंडनमध्ये मारामारी करणाऱ्याला गाणं थांबवून, शिव्या घालून बाहेर काढलं होतं, शोचं काही बिघडलं नाही, उलट पब्लिक जास्त खूश. आपल्या बँडवाल्यांना मात्र स्पॉन्सरची भीती वाटते की काय कोण जाणे, समोर दिसत असतं तरी "हाउ यू डूइंग मुंबई" चालूच.

दुसरी खरी चूक म्हणजे ओपनिंग बँडला दिलेली वागणूक. मोठा परदेशी बँड येणार, त्याआधी आपलाच एखादा देशी बँड चाळीस मिनिटं वाजवणार, आणि पब्लिक पहिल्या गाण्यापासून मोठ्या बँडच्या नावाचा गजर लावणार, कधी बाटल्याही. अरे तोच बँड छोट्या जागेत वाजवून वाजवून इथवर आलाय ना, ज्या जागांच्या नावाने मी मघापासून रडतोय.

मोबाईल? मोबाईल माझ्या यादीत खूप खाली आहे. आयर्न मेडनने 2025 च्या टूरच्या आधी फोन खिशात ठेवा म्हणून चाहत्यांना विनंती केली, घोस्ट या स्वीडिश बँडने तर फोन कुलूपबंद पाऊचमध्ये घालायला लावले, कोल्डप्लेवाले एका गाण्यापुरते फोन खाली ठेवायला सांगतात. ठीक आहे, पटतं. मी स्वतः अर्धा मिनिट शूट करतो, आवडत्या सोलोचं, पुन्हा कधी बघत नाही. मागच्याच्या डोळ्यासमोर दोन तास स्क्रीन धरणं वाईट, तसंच बॉयफ्रेंडच्या खांद्यावर अख्खा शो बसणंही वाईट, एका गाण्यापुरतं बसा आणि उतरा. पण हे शेजारधर्माचे प्रश्न आहेत, "दादा जरा हात खाली घ्या ना" म्हटलं की सुटतात, दहातले आठ घेतात. यावर अख्खा लेख लिहायची गरज नाही, आणि लोक फक्त यावरच लिहितात.

बडबडीचं मात्र बोलतो, कारण त्यात एक गंमत आहे. शांत गाणं चालू असताना मोठमोठ्याने फ्लॅटच्या किमती बोलणारे तुम्हाला कुठे भेटतील? मागच्या स्वस्त स्टँडिंगमध्ये नाही. तिथले लोक महिनाभर पैसे साठवून आलेले असतात, त्यांना प्रत्येक ओळ पाठ असते. बडबड असते पुढच्या महागड्या कप्प्यात, जिथे बसायला सोफे आणि बार असतो. एका मोठ्या शोला मी मागच्या कप्प्यात पत्र्याला चिकटून उभा होतो, आमच्याकडे पाऊल ठेवायला जागा नाही, आणि समोर बघतोय तर स्टेजला लागून असलेला सगळ्यात महाग कप्पा अर्धा रिकामा, त्यात लोक पाठ करून सेल्फी घेतायत. आमच्या बाजूच्या एका मुलीला चक्कर आली, पाणी मागितलं तर स्टॉल दुसऱ्या टोकाला, आणि जायचं तर सगळी गर्दी तोडून. शेवटी लोकांनीच तिला हातोहात बाहेर दिली. बाउन्सर पत्र्याच्या पलीकडे होता, त्याचं काम आम्ही महाग कप्प्यात शिरू नये हे बघण्याचं होतं, आणि ते तो चोख करत होता.

म्हणून मला राग येतो जेव्हा लोक गर्दीला संस्कार शिकवायला निघतात. गर्दी नियंत्रणाबद्दल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक पुस्तिका 2014 पासून पडून आहे. जून 2025 ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण गेले, क्रिकेटच्या विजयोत्सवात, पुन्हा गेटवरच. आपल्याकडे शोला परवानगी देताना पोलिस, पालिका, फायर ब्रिगेड सगळ्यांचे कागद लागतात, आयोजक बिचारे त्या खेटे घालण्यातच अर्धे होतात हेही मला माहितीय. मग त्या कागदावर किती माणसांना परवानगी, कुठल्या कप्प्यात किती, बाहेर पडायची दारं किती आणि किती रुंद, पाणी फुकट कुठे मिळेल, एवढं तिकीट विकतानाच जाहीर करायला काय हरकत आहे? विमानात बसल्यावर दारं दाखवतात ना, तिथे कोणी म्हणत नाही की प्रवाशांना सिव्हिक सेन्स नाही म्हणून दाखवतोय.

आणि छोट्या जागा. दीड-दोन हजार माणसांच्या, रहिवासी भागापासून जरा लांब, आवाज बाहेर जाणार नाही अशा बांधलेल्या, दहाला बंद होणाऱ्या चालतील. पालिकेची नाट्यगृहं आहेत, ती नाटकासाठीच राहू देत, तिथे खुर्च्या आहेत, खुर्च्यांत मेटल ऐकणं म्हणजे शिक्षा. पण बंद पडलेली गोदामं, रिकाम्या शेड पुण्या-मुंबईत काय कमी आहेत? तिथे दर शनिवारी चार लोकल बँड वाजले तर पाच वर्षांत हजारो पोरापोरींना पिटमध्ये वागायचं कसं ते कळलेलं असेल, आणि तीच मग स्टेडियममध्ये आजूबाजूच्यांना सांगतील.

तोपर्यंत पुढच्या शोचं तिकीट काढाल तेव्हा खाली बारीक अक्षरातल्या अटी एकदा वाचा. पॉवर बँक नको, परफ्यूम नको, नाणी नकोत, लायटर नको, छत्री नको, सेल्फी स्टिक नको, बाहेरचं पाणी नको, बाटली आत विकत घेतली तर तिचं झाकण काढून देणार. नको नको ची ही यादी पानभर. आग लागली, पाऊस आला किंवा बॅरिकेड पडलं तर तुमच्या कप्प्यातून बाहेर जायचं दार कुठे आहे, हे मी अजून एकाही तिकीटावर वाचलेलं नाही. कस्टमर केअरला ईमेल करून विचारा, मी विचारलंय. उत्तरात पार्किंगचा नकाशा आला.